खोडमाशीचे गणगोत

बालाघाटाच्या रांगा पूर्वेकडे उतरत उतरत जेथे मन्याडच्या खोऱ्यात मिसळतात, त्या लोहा-कंधारच्या मुलखात ज्वारी ही नुसत्या पिकाच्या मोलाची कधीच नव्हती. माणसाची भाकरी तिच्यातून येई, लाल कंधारी बैलांचा कडबा तिच्यातून येई, बलुतेदारांचे बलुते तिच्या कणसांवर चुकते होई, आणि मार्गशीर्षाच्या अमावास्येला, म्हणजे आमच्याकडील येळवशीला, शेतात कडब्याची कोप उभारून तीत पांडवांची पूजा मांडणारी कुटुंबे भोवतालच्या उभ्या ज्वारीला साक्ष ठेवूनच आंबिलीचा नैवेद्य दाखवीत. अशा या पिकाचे भवितव्य पेरणीनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत ज्या जीवाच्या हाती असते, तो घरमाशीहूनही लहान, जेमतेम चार-पाच मिलिमीटर लांबीचा, करड्या छातीचा आणि पिवळसर पोटावर काळे ठिपके असलेला असा एक कीटक आहे. शेतकरी त्याला खोडमाशी म्हणतात आणि त्याच्या कृत्याला पोंगेमर म्हणतात. शास्त्राच्या दफ्तरात त्याची नोंद ‘अथेरिगोना सॉकेटा’ या नावाने आहे. या माशीविषयी आणि तिच्या विस्तीर्ण गोतावळ्याविषयी मी अनेक वर्षे वाचीत आणि पाहत आलो आहे. आणि जसजसे पाहावे तसतशी माझी अशी खात्री होत गेली, की ज्यांना आपण क्षुद्र म्हणून एका शब्दात निकालात काढतो त्यांच्यातील भेद नीट ओळखणे ही केवळ विद्वानांची हौस नसून आपल्या अन्नाविषयीची, आणि म्हणून आपल्याविषयीची, एक मूलभूत जबाबदारी आहे.

माशीचे कर्म आधी सांगितले पाहिजे. ज्वारीचे रोप उगवून आठवडा-दीड आठवड्याचे झाले, की मादी त्याच्या कोवळ्या पानाच्या खालच्या अंगाला, मधल्या शिरेला समांतर, एक पांढरे, लांबट अंडे चिकटवते. सामान्यतः एका पानावर एकच. एक-दोन दिवसांत, बहुधा पहाटेच्या सुमारास, पानावर दव असताना अंडे फुटते, आणि त्यातून निघालेली, डोळ्याला दिसेल न दिसेल अशी अळी त्या ओलाव्याच्या आधाराने पानावरून सरकत पोंग्यात उतरते व रोपाचा वाढता कोंब मुळाशी कापते. कोंब कापला गेला की मधले पान सुकते, बाकीची पाने हिरवीच राहतात. ते सुकलेले पान चिमटीत धरून ओढावे तर विनासायास हाती येते आणि त्याच्या बुडाशी कुजट दर्प असतो. अळी आठ-दहा दिवस त्या कुजलेल्या गरावर जगते, खोडात किंवा मातीत कोषात जाते, आणि सुमारे तीन आठवड्यांत अंड्यापासून माशीपर्यंतचे एक चक्र पुरे होते. रोप मेलेच तर मरते. नाही मेले तर बुडातून फुटवे काढून जगण्याची धडपड करते, आणि कित्येकदा ते फुटवेही नव्या पिढीच्या अळ्यांच्या वाट्याला जातात.

या तीन आठवड्यांच्या गणितातच पेरणीच्या वेळेचे सारे मर्म आहे. मृगाचा पाऊस झाल्याबरोबर सगळ्या शिवाराने एकदम पेरले, तर माशीची संख्या वाढण्यापूर्वीच रोपे जून होऊन तिच्या तडाख्यातून निसटतात; एखाद्याची पेर मागे पडली, की आधीच्या शेतांत वाढलेल्या पिढ्या त्याच्या एकट्याच्या कोवळ्या रोपांवर उतरतात. माझे चुलते शाळेत कधी गेले नव्हते, परंतु उशिरा तिफण धरणाऱ्या शेजाऱ्याला बांधावरूनच सांगत, “अण्णा, आता पेरताव तर बी दीडपट धरा, निम्मं पोंगंमरीला जाईल, उरल्यालं तुमचं.” कृषिशास्त्रानेही पुढे हाच सल्ला दिला: वेळेवर पेरा, बी थोडे जास्त वापरा, आणि विरळणी करताना मेलेल्या पोंग्यांची रोपे उपटून शेताबाहेर नष्ट करा. ज्ञानाच्या या दोन धारा एकाच शिवारात येऊन मिळाल्या, याचा मला आनंद वाटतो.

आता तिच्या कुळाकडे वळू. ‘अथेरिगोना’ ही प्रजाती इटलीतील पार्मा येथील कीटकशास्त्रज्ञ कामिल्लो रोंदानी याने 1856 मध्ये स्थापन केली, आणि ज्वारीवरील जातीचे वर्णनही त्यानेच 1871 मध्ये केले. घरमाशी ज्या ‘मस्किडी’ कुलातील त्याच कुलात ही प्रजाती बसवली जाते. पाच हजारांहून अधिक जातींच्या त्या कुलात हिच्या जाती दोनशेच्या वर आहेत. तथापि कुलाच्या अंतर्गत हिची नेमकी जागा कोणती, याविषयी तज्ज्ञांचे एकमत नाही; कधी तिला स्वतंत्र उपकुलाचा मान मिळाला, तर कधी ती दुसऱ्या उपकुलाच्या पोटात घातली गेली. प्रजातीच्या आत मात्र दोन शाखा स्पष्ट दिसतात. एक मूळ ‘अथेरिगोना’, जिच्या बहुतेक जातींच्या अळ्या जिवंत तृणांच्या कोंबात वाढतात. दुसरी ‘अॅक्रिटोकीटा’, जी ग्रिमशॉ याने हवाई बेटांवरील नमुन्यांवरून 1901 मध्ये प्रथम वेगळी काढली आणि जिच्या अळ्या प्रामुख्याने कुजणारी फळे, भाज्या, शेण अशा मृत वा मरणोन्मुख पदार्थांत आढळतात.

या दोन शाखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे पोंग्यातल्या त्या कुजट दर्पाचा अर्थ लागतो. ज्वारीतील अळी हिरवा, सजीव कोंब कुरतडून खाणारी नव्हे. ती आधी कोंब कापते, तो कुजू देते आणि मग त्या कुजलेल्या अंशावर पोसते. म्हणजे मृतावर जगण्याची कुळाची जुनी रीत तिने सोडलेली नाही. मृत पदार्थ शोधीत हिंडण्याऐवजी तो आपल्यापुरता जिवंत रोपातच निर्माण करण्याची युक्ती मात्र तिने साधली आहे. सफाई करणाऱ्या एका कुळातून पीक मारणारी एक शाखा कशी निघाली असेल, याचा एवढा सुबोध पुरावा आमच्या शेतातल्या एका सुकलेल्या पानाच्या बुडाशी असावा, ही गोष्ट मला पहिल्यांदा उमगली तेव्हा मी कितीतरी वेळ ते पान हातात धरून बांधावर बसून राहिलो होतो.

परंतु या गोतावळ्याचे खरे वैभव आहे ते त्यातील निष्ठेत. ज्वारीवर ‘सॉकेटा’, बाजरीवर ‘अॅप्रॉक्सिमेटा’, भातावर ‘ओरायझी’, राळ्यावर ‘अॅट्रिपाल्पिस’, कोद्र्यावर ‘सिम्प्लेक्स’, आणि जिचे तांदूळ आम्ही उपवासाला भगर म्हणून शिजवतो त्या वरीवर ‘पुल्ला’: जणू प्रत्येक तृणधान्याचा वतनदार ठरलेला आहे. या वतनांच्या सीमा अगदीच अनुल्लंघनीय आहेत असे नाही. एकच जाती दोन-तीन तृणांवर सापडते, आणि पीक नसलेल्या दिवसांत बांधावरचे गवत व जंगली ज्वारी यांच्यावर तिला दिवस काढावेच लागतात. तरीही प्रत्येकीची मुख्य निवड ठरलेली असते, आणि हाताच्या बोटाएवढ्या उंचीची राळ्याची व वरीची रोपे जेथे शहरी मनुष्याला एकसारखीच दिसतील, तेथे इवलेसे डोके असलेली माशी त्यांतला भेद पायांनी व स्पृशांनी पारखून, आपलेच पान ओळखून, त्यावरच अंडे ठेवते.

माशीला धान्यांतला भेद चटकन कळला; मनुष्याला माश्यांतला भेद कळायला मात्र फार काळ लागला. ज्वारीवरील या माशीला भारतातील जुन्या कृषिग्रंथांत कोठे मॅलॉकने दिलेले ‘इंडिका’ हे नाव आहे, तर कोठे तिला ‘व्हेरिया’ या, माइगेन याने 1826 मध्ये वर्णिलेल्या निराळ्याच जातीची पोटजात समजून ‘व्हेरिया सॉकेटा’ म्हटले आहे. तत्पूर्वी तर या सबंध गटालाच ‘अँथोमायिडी’ या दुसऱ्या कुलात घातले जाई. आमच्या तहसिलात एखाद्या सर्व्हे नंबरावर तीन पिढ्यांचे फेरफार चढलेले असावेत, प्रत्येक नोंदीत नाव थोडे वेगळे असावे, आणि खरा कब्जेदार कोण हे ठरवण्यासाठी मूळ मिसल काढूनच पाहावी लागावी, तशीच स्थिती येथे झाली. ती मिसल म्हणजे संग्रहालयांत जपलेले मूळ नमुने. ज्या नमुन्यावरून प्रथम वर्णन झाले तो नमुना प्रत्यक्ष पाहायचा, आपल्या शेतातल्या माशीशी ताडायचा, सर्वांत आधीचे नाव कायम करायचे व बाकीची त्याखाली नोंदवायची, हे काम अत्यंत कष्टाचे असून त्यात कीर्ती जवळजवळ नाही. आशियातील उपद्रवी जातींसाठी ते ब्रिटिश संग्रहालयातील एड्रियन पाँट यांनी केले, नायजेरियातील जातींसाठी जॉन डीमिंग यांनी 1971 मध्ये केले, आणि फिलिपाइन्सच्या जातींवर पाँट व मॅग्पायो यांचा मोठा प्रबंध 1995 मध्ये प्रसिद्ध झाला.

हे काम कष्टाचे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहिल्याशिवाय कळत नाही. निरनिराळ्या जातींच्या माद्या एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात, की निष्णात मनुष्यही त्यांच्याविषयी सहसा ठाम बोलत नाही. ओळख पटते ती नरावरून, आणि तीही त्याच्या उदराच्या टोकाशी दडलेल्या एका तीन पाकळ्यांच्या उपांगावरून व त्याच्यालगतच्या उंचवट्यावरून. महाविद्यालयात असताना मी एका नराचे उदर कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करून, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून प्रथम पाहिले. करड्या, नगण्य दिसणाऱ्या त्या देहाच्या टोकाला इतके रेखीव आणि इतके ठाम असे एक शिल्प असेल, ही माझी कल्पनाच नव्हती. शेजारच्या काचेवर दुसऱ्या जातीचा नर होता. बाहेरून पाहता दोघे सख्खे भाऊ वाटावेत, पण त्या पाकळ्यांची घडण पाहिल्यावर शंकेला जागाच उरली नाही.

आणि ही ओळख व्यवहारात किती महत्त्वाची आहे, हे सापळ्यांनी शिकवले. वाळल्या मासळीच्या भुकटीच्या वासाला या माश्या विलक्षण लुब्ध होतात, म्हणून शेतात तिचे सापळे लावून त्यांची संख्या मोजण्याची पद्धत रूढ झाली. परंतु त्या वासाला एकटी ज्वारीची माशीच येत नाही. गवतावरच्या, बाजरीवरच्या, कुजक्या भाजीवरच्या अशा प्रजातीतील अनेक जाती येतात, आणि येतात त्या बहुतांशी माद्या, म्हणजे ज्यांची ओळख सर्वांत अवघड त्याच. सापळ्यात सापडलेली प्रत्येक करडी माशी ज्वारीची शत्रू समजून जो आकडा मांडला जाईल, तो दिसायला शास्त्रीय असला तरी निष्पाप गवतमाश्यांचा दोष ज्वारीच्या माशीवर आणि ज्वारीच्या माशीचे भय शेतकऱ्याच्या खिशावर लादील. औषधाच्या पुड्यांचा खर्च अशा आकड्यांवर ठरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे वर्गीकरण हा शेतकऱ्याच्या नफ्यानुकसानीचाच भाग आहे, हे पटावे.

या माशीची भौगोलिक व्याप्ती ध्यानात घेतल्याशिवाय आपल्या अलीकडच्या शेतीचा एक प्रसंगही नीट कळणार नाही. अथेरिगोना ही जुन्या जगाची, म्हणजे आफ्रिका, दक्षिण व पूर्व आशिया आणि त्यापलीकडील बेटांची रहिवासी. ज्वारीवरील जाती आफ्रिकेपासून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत आणि तेथून आपल्याकडे पसरलेली आहे, परंतु अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात ती नाही. ज्वारी मात्र अमेरिकेत गेली, तेथे बुटकी झाली, यंत्राने कापण्याजोगी झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या माशीचे तोंड न पाहता वाढली. 1964 मध्ये भारतातील पहिला संकरित वाण सीएसएच-१ आला, तेव्हा त्याची मातृवंशीय ओळ ही कम्बाइन काफिर-६० या अमेरिकी वाणाची होती. उत्पन्न भरघोस आले. परंतु ज्या बियाण्याच्या पूर्वजांना हा शत्रू ठाऊकच नव्हता, त्याच्या रोपांत प्रतिकाराची तयारी तरी कोठून असणार? उशिरा पेरलेल्या संकरित ज्वारीची शेते पोंगेमरीने बसू लागली, आणि एका माशीचा प्रश्न देशाच्या अन्नधान्याचा प्रश्न झाला. 1972 हे वर्ष या दृष्टीने स्मरणीय आहे: त्याच वर्षी परभणीला मराठवाड्याचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, हैदराबादेजवळ पाटणचेरूला कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था ‘इक्रिसॅट’ उभी राहिली, जोतवाणी व यंग यांनी संपादिलेला या माशीच्या नियंत्रणावरील ग्रंथ दिल्लीत प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीच्या भीषण दुष्काळात महाराष्ट्राने परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या.

प्रतिकाराचा शोध सुरू झाला तेव्हा तो शेवटी घरीच सापडला. इक्रिसॅटच्या संग्रहात जगभरच्या ज्वारीचे चाळीस हजारांहून अधिक नमुने आहेत. त्यांत या माशीला पूर्णपणे न जुमानणारा लागवडीचा वाण आढळला नाही, जवळजवळ अबाधित राहिल्या त्या काही जंगली जाती. परंतु ज्यांच्यावर मादी कमी अंडी घालते आणि घातली तरी ज्यांचा कोंब सहसा मरत नाही, असे वाण प्रामुख्याने दख्खनच्या गावठी रब्बी ज्वारीतच निघाले. त्यांच्या रोपांची पाने फिकट, चकचकीत असतात, पानाच्या खालच्या अंगाला बारीक लव असते, पोंग्यातल्या पानावर ओलावा कमी धरतो, आणि रोप पहिल्या काही दिवसांत झपाट्याने वाढते. लवेमुळे मादीला अंडे ठेवणे जड जाते, ओलावा नसल्याने अळीला उतरायला वाट मिळत नाही, आणि ती कोंबाशी पोचेपर्यंत कोंब पुढे गेलेला असतो. सोलापूरकडील मोहोळच्या केंद्रात गावठी मालदांडीतून निवडलेल्या एम ३५-१ या वाणात हे गुण बऱ्याच अंशी आहेत, आणि रब्बीच्या शेतकऱ्याने तिला इतकी दशके का सोडले नाही याची कारणे भाकरीच्या चवीबरोबर येथेही शोधली पाहिजेत. हे गुण कोणा एकाने निर्माण केलेले नाहीत. माशीने दर हंगामी दुबळी रोपे मारली, शेतकऱ्याने उरलेल्यांतून भरलेली कणसे बियाण्यासाठी बाजूला काढली, आणि शेकडो हंगामांच्या या दुहेरी निवडीने बियाण्यात जी सावधता आली तिचे आपण वारस आहोत. शत्रूचेही या घडणीत ऋण आहे, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही.

गोतावळ्यातील काही जणींनी मनुष्याच्या गाड्या-जहाजांबरोबर देशांतरही केले आहे. ‘ओरिएंटॅलिस’ ही जाती शीनर याने 1868 मध्ये ‘नोव्हारा’ या ऑस्ट्रियन युद्धनौकेच्या पृथ्वीप्रदक्षिणेतून आलेल्या संग्रहावरून वर्णिली. मिरची-टोमॅटोच्या नासक्या फळांपासून उकिरड्यापर्यंत काहीही चालत असल्यामुळे ती आज उष्ण कटिबंधात सर्वत्र पोचली आहे. याउलट ‘रिव्हर्सुरा’ ही हरळीची माशी. जी हरळी आमच्या शेतकऱ्याने कुळवून कुळवून काढावी आणि गणपतीपुढे दूर्वा म्हणून श्रद्धेने वाहावी, तीच अमेरिकेच्या दक्षिण भागात गाईगुरांसाठी मुद्दाम लावतात. आणि तेथील जॉर्जिया राज्यात 2010 मध्ये ही आशियाई माशी प्रथम आढळली व थोड्याच वर्षांत आसपासच्या राज्यांतील कुरणे तिच्या उपद्रवाने पांढरी पडू लागली. ती तेथे ओळखता आली, कारण या प्रजातीच्या नरांचे वर्णन करून ठेवणाऱ्या माणसांनी आधी आपले डोळे झिजवले होते. ज्यांच्या श्रमांना त्यांच्या हयातीत उपयोग काय असे विचारले गेले असेल, त्यांचा उपयोग असा अकस्मात, सातासमुद्रापलीकडे सिद्ध होतो.

आज लोह्याच्या शिवारात खरिपाला नजर जाईल तेथवर सोयाबीन उभे असते. ज्वारी रब्बीपुरती, तीही घरच्या भाकरीपुरती आणि कडब्यापुरती उरत चालली आहे. राळे, कोद्रा, वरी यांचे तुकडे तर माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत गेले. या धान्यांची सरकारी आकडेवारीत जी जागा होती ती त्यांच्या जाण्याआधीच त्यांचे भवितव्य सांगत होती: ज्वारी, बाजरी, गहू यांना आपापले रकाने, आणि या बारीक धान्यांची भर अनेकदा ‘इतर तृणधान्ये’ या एका बेरजेत. बेरीज करणाऱ्याचा त्यात दोष नव्हता. रकाने मर्यादित असतात. परंतु जे एकदा ‘इतर’ झाले त्याचे वेगळे बियाणे कोणी जपत नाही, त्याच्या रोगाचा वेगळा विचार कोणी करीत नाही, आणि ते नाहीसे झाले तरी बेरजेतला फरक कोणाच्या नजरेस येत नाही. पटवाऱ्याच्या दफ्तरात राळा आणि कोद्रा एक होऊ शकले. माशीच्या दफ्तरात ते कधी एक झाले नाहीत, कारण तिचे जगणेच त्या भेदावर अवलंबून होते.

आपले जगणे त्या भेदावर अवलंबून नाही, अशा समजुतीत आपण बराच काळ काढला. सीएसएच-१ च्या शेतांनी ती समजूत एकदा खोटी ठरवली आहे. बदलत्या पावसाच्या दिवसांत, मृगाची वेळ टळून पेरण्या मागेपुढे होऊ लागल्या असता, ती पुन्हा खोटी ठरणार नाही याची हमी कोणी देऊ नये. अशा वेळी उपयोगी पडतील ती गावठी बियाणी, त्यांच्या अंगचे बारीक गुण, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या जीवांची नेमकी ओळख. म्हणून माझी परभणी-नांदेडच्या तरुण विद्यार्थ्यांना कळकळीची विनंती आहे, की त्यांनी आपल्या गावच्या बांधावरील सुकलेला पोंगा उपटावा, त्यातील अळी काचेच्या नळीत वाढवावी, निघालेल्या नराची ओळख पटेपर्यंत थांबावे, आणि कोणत्या तृणावर, कोणत्या शिवारात, कोणत्या तारखेला ती सापडली याची नोंद ठेवावी. लोह्यापासून कंधारपर्यंतची अशी एक वही जरी प्रामाणिकपणे भरली, तरी या प्रजातीच्या ज्ञानात ती भर घालील, आणि आपल्या धान्यांपैकी कोणालाही ‘इतर’ म्हणण्याची घाई आपण करणार नाही.